कांडी संपायच्या आत

दोन ओव्हर सलग झाल्या होत्या त्याच्या.
मी कट्ट्यावरून ओरडलो, काढ बे त्याला, काढ.
पुरुषोत्तमनं ऐकलं नाही. कॅप्टन कुणाचं ऐकतो?
शेवटच्या दोन बॉलना श्रीशैलचा हात
बोटभर खाली आला होता. बोटभरच.
स्कोअर लिहिणाऱ्याला ते दिसत नाही,
मोबाईलवर मॅच दाखवणाऱ्या पोरालाही नाही.
मला दिसलं.

एकतीस वर्षं जॉबर होतो मी.
धोट्यातली कांडी संपायच्या आत बदलायची असते.
संपल्यावर बदलली की चादरीवर पट्टा पडतो,
आणि पगाराच्या दिवशी शेठ तो पट्टा बोटानं दाखवतो.
कधी बदलायची, ते शिकवता येत नाही.
आवाज फिरतो. खटाखटमधला एक खट
जरा ओला लागतो.
एवढंच.

तिसरी ओव्हर त्यालाच दिली.
पहिला फुलटॉस. सहा.
दुसरा आखूड. सहा, थेट भजीवाल्याच्या परातीत.
तिसरा शोधायला चार पोरं गेली.
गड्डा उठून महिना झाला तरी होम मैदानात
अजून पाळण्याचे खिळे सापडतात;
फिल्डिंगला जाणारा पोरगा आधी पायानं जमीन चाचपतो,
मग उभा राहतो.

हरलो. हरण्याला माझी हरकत नसते.
सोमवारी कळलं, श्रीशैलला दिला.
लीगचे चार सामने उरलेत अजून,
आणि गड्डम शेठनी नीलम नगरवाल्यांशी
टपरीवर उभ्या-उभ्या सौदा केला:
श्रीशैल तिकडं, त्यांचा एक डावखुरा बॅट्समन इकडं,
वर चौदा टी-शर्ट,
पाठीवर त्यांच्याच टॉवेल कंपनीचं नाव.

बॅट्समन वाईट नाही, मान्य.
पण ऑफला त्याची बॅट
उधारी मागायला गेल्यासारखी जाते,
दारातूनच परत.
आणि बॅट्समन काय कमी होते आपल्याकडं?
शेवटची ओव्हर कोण टाकणार?
नागनाथ? तो रनअप विसरतो.
इम्रान? त्याची दहावी आहे,
त्याची आई वही घेऊन गेटवर उभी असते.

हे सगळं घरी बोललो.
नरसम्माच्या मांडीवर सूप,
नऊशे विड्या झालेल्या, शंभर बाकी.
मान वर न करता म्हणाली,
तुम्हाला नाही का उचललं होतं रच्चा शेठनं,
ऐन दिवाळीच्या तोंडावर?

उचललं होतं.
जुन्या शेठची अकरा हजार उचल होती अंगावर,
ती यानं फेडली,
आणि दुसऱ्या दिवशी मी अक्कलकोट रोडला
बारा अनोळखी मागांपुढं उभा.
विचारलं नव्हतं कुणी.
डबा तोच होता, भाजीही बहुतेक तीच.
जुन्या कारखान्यातला आठ नंबर
माझ्याशिवाय दोन दिवस चालला नाही म्हणतात.
तिसऱ्या दिवशी चालला.

मग रविवार. समोर नीलम नगर.
मी तोच टी-शर्ट घालून बसलेलो, शेठनं मलाही दिलेला,
काखेत काचत होता.
आम्हाला शेवटच्या तीन ओव्हरमध्ये एकोणतीस हवे,
आणि बॉल श्रीशैलकडं, तिसऱ्यांदा.
मागच्या ओव्हरचा शेवटचा बॉल बघितला मी.
बोटभर.

गप्प बसायचं होतं. फुकटचे सहा-सहा मिळणार होते.
काढ बे त्याला! काढ!
शेजारचा सायबण्णा माझ्याकडं बघतच राहिला.
त्यांचा कॅप्टन, नाव माहीत नाही, कोवळं पोरगं,
त्यानं कट्ट्याकडं बघितलं,
मग श्रीशैलकडं,
मग हात पुढं करून बॉल मागून घेतला.

हरलो आम्ही. सात रननी.
सायबण्णा अजून बोलत नाही.

पण ती ओव्हर सुरू व्हायच्या आधी
श्रीशैल खांदा चोळत थर्डमॅनला आला,
अगदी माझ्यासमोर.
वर बघितलं नाही त्यानं.
आधी पायानं जमीन चाचपली,
मग उभा राहिला.